आमच्यात कॅल्शियम जरा जास्त

"हात पुढं करा की, अण्णा," मी तिसऱ्यांदा म्हटलं.

अण्णांनी दोन्ही हात काखेत घातले आणि ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत बसले. लॅबमधून रक्त घ्यायला आलेला माणूस सुई हातात धरून खुर्चीपाशी ताटकळत उभा होता. त्याला अजून गावभागातली बरीच घरं करायची होती.

"माझं कशाला?" अण्णा म्हणाले. "मी बरा झालेला माणूस आहे. शिरपाचं तपासा जावा."

माझ्या वडिलांचं बोलणं ऐकायला जवळ जावं लागायचं. त्यांच्या गळ्यातून आवाज येत नसे, नुसता वारा येई आणि त्या वाऱ्यात शब्द असत. लॅबवाल्याला एक अक्षर कळलं नाही. त्यानं माझ्याकडं बघितलं.

"नको म्हणतायत," मी म्हटलं. "तुम्ही जा. मी फोन करते."

तो गेला. त्यानंतर मी माझ्या जन्मदात्याला मनातल्या मनात काय काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही.

ही गोष्ट बरीच जुनी. मी तेव्हा पुण्यात पीएच.डी. करत होते आणि तात्यांचं, म्हणजे माझ्या काकांचं (अण्णांचा शिरपा तो हाच), ऑपरेशन ठरलं म्हणून सांगलीला धावत आले होते. सांगलीत आमचं हळदीचं अडत दुकान. शेतकरी हळद आणून टाकतात, व्यापारी जमतात आणि राशींपुढं उभं राहून एक माणूस भाव पुकारत जातो. त्याला सौदे काढणं म्हणतात. आमच्या दुकानाचे सौदे आधी अण्णा काढायचे. त्यांचा आवाज मी ऐकलाय म्हणे, पाच-सहा वर्षांची होईपर्यंत रोज. मला तो आठवत नाही. आठवत नाही याचा मला अजून राग येतो, कुणावर ते मात्र कळत नाही.

झालं असं की अण्णांचं पोट दुखायला लागलं म्हणून तपासण्या केल्या. पोटदुखी आपली आपण गेली, पण रक्तात कॅल्शियम जास्त निघालं, साडेदहाच्या आत पाहिजे ते अकराच्या वर, ते मागं लागलं. गळ्यात चार बारीक ग्रंथी असतात, मसुराएवढ्या. त्यांचं हार्मोन रक्तातलं कॅल्शियम वाढवतं. या ग्रंथी बिघडल्यात, काढल्या नाहीत तर हाडं पोखरतील, किडन्या जातील, असं मोठ्या शहरातल्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं. चारातल्या दोन काढल्या. पंधरवड्यानं तपासलं तर कॅल्शियम अगदी बेताचं. सगळे खूश. फक्त त्या ग्रंथींना लागून आवाजाची नस जाते आणि ती दुखावली होती.

पण अण्णा कपाळाला हात लावून बसणारे नव्हते. त्यांनी त्याची एक गोष्ट केली. बाजारात, लग्नात, जैन बस्तीत दर्शनाला गेल्यावर, कुणीही विचारलं की ते त्याला बोटानं जवळ बोलवायचे. "अकरा पॉइंट चार होतं. डॉक्टर म्हणाले, गेलाच होतास. मी यमाला म्हटलं, आवाज घे, जीव सोड. झाला सौदा." ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि अण्णांना ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

सौदे तात्यांकडं आले. तात्या तेव्हा मिसरूड फुटलेला पोरगा. त्यांना शिकवलं त्यांच्या दादांनी, म्हणजे अण्णांनीच, आणि पोरगा असा तयार झाला की तात्यांनी पहिला भाव काढला की व्यापारी हातातला चहा टाकून यायचे.

आणि आता हर्नियाच्या निमित्तानं तपासलं तर तात्यांचंही कॅल्शियम जास्त. घरात सगळ्यांचं तोंड उतरलं. आमच्या गावचे सर्जन डॉक्टर करगुप्पीकर म्हणाले, भावाला होतं तेच यांना आहे, हर्निया राहू दे, आधी गळ्याचं करून टाकू. सगळ्यांत घाई अण्णांना. "टाळाटाळ करायची नाही. मी केलं, मी वाचलो. जीव आहे तर सगळं आहे."

मी आले त्या दुपारी तात्या मला दुकानाच्या मागच्या खोलीत घेऊन गेले. सहा फुटाचा माणूस पोत्यावर अंग चोरून बसला.

"सनू, तू शिकलीयस. खरं सांग. आवाज जाईल काय गं?"

"सगळ्यांचा जात नाही, तात्या. शंभरात एखाद्याचा."

"आपल्या घरात एकातल्या एकाचा गेलाय."

तात्यांनी पोत्याची सुतळी बोटाला गुंडाळली.

"मला दुसरं काय येतंय, सांग. हिशेब दादा बघतात. माल दादांना कळतो. मी नुसता आवाज आहे बघ. तो गेला तर मी घरात बसून काय करू? दादांच्यासारखी छातीच न्हाई माझी."

मी त्यांना काही सांगितलं नाही, पण माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला होता. माझं काम जी प्रोटीन नावाच्या प्रोटीनांवर चालायचं. पेशीच्या बाहेरचा निरोप आत कसा पोचतो, हे बघायचं. आमच्या आईला वाटायचं मी डब्यातून विकतात ती पावडर बनवते, शेजारणीला सांगायची, "आमची सन्मती प्रोटीन करती." असो. तर या कामात मी अशा घराण्यांबद्दल वाचलं होतं, की ज्यांच्यात जन्मापासून कॅल्शियम थोडं जास्त असतं, मरेपर्यंत जास्त राहतं आणि त्यानं कुणाचं काहीही बिघडत नाही. कापलं तरी ते कायमचं कमी होत नाही.

दुसऱ्या दिवशी मी करगुप्पीकरांच्या दवाखान्यात जाऊन बसले. हाकलून देतील म्हणून भांडायच्या तयारीनंच गेले होते. त्यांनी चष्मा काढून सगळं ऐकून घेतलं.

"बाई, हे पुस्तकात आहे. मी उभ्या आयुष्यात बघितलेलं नाही," ते म्हणाले. "पण तुम्ही म्हणताय तर बघू. चोवीस तासांची लघवी आणा. खरा रोग असेल तर लघवीतून कॅल्शियम भरपूर जातं. तुम्ही म्हणता ते असेल तर कमी जातं. तुमचं स्वतःचं रक्त द्या. आणि मुख्य म्हणजे वडिलांचं द्या."

"वडिलांचं कशाला?"

"त्यांचं कॅल्शियम आज नॉर्मल असेल तर रोग खरा होता आणि ऑपरेशननं गेला. मग मी तुमच्या काकांचंही करणार, तुम्ही काहीही म्हणा."

"आणि वाढलेलंच असेल तर?"

डॉक्टरांनी चष्मा परत घातला. "तर मी कुणाला हात लावणार नाही," ते म्हणाले आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

मी खुशीत बाहेर पडले. जिना उतरता उतरता माझ्या लक्षात आलं की तात्यांचा आवाज वाचायचा असेल तर अण्णांचं ऑपरेशन फुकट गेलेलं असायला पाहिजे. माझे पाय तिथंच थांबले. खालून वर येणाऱ्या बाई म्हणाल्या, "सरका की हो."

लघवीचं तर एक प्रहसनच झालं. लॅबनं पांढरा प्लास्टिकचा मोठा कॅन दिला. चोवीस तासांतला थेंबन् थेंब त्यात जायला पाहिजे. तात्यांनी संध्याकाळी कॅन आणून दिला तो पाव भरलेला.

"दिवसभर एवढीच?"

"घरातली एवढीच."

"आणि बाजारात?"

"बाजारात जिथं सगळे जातात तिथं गेलो," तात्या म्हणाले. "ते हातात घेऊन मी व्यापाऱ्यांच्या पुढनं जाऊ? काय इज्जत हाय का न्हाई?"

डॉक्टरांनी तो कॅन बघून परत पहिल्यापासून सुरू करायला सांगितलं. मग दुसऱ्या दिवशी मी स्वतः दुकानात पहारा द्यायला बसले. कॅन रिकाम्या पोत्यात गुंडाळून ठेवला होता. हमालानं तो उचलला आणि वजनकाट्याकडं निघाला. "मालक, ह्यात काय हाय?" तात्या ओरडले, "ठेव ते! औषधी तेल हाय!" त्यांचा तो आवाज रस्त्याच्या पलीकडं ऐकू गेला. मी हसून हसून बेजार झाले आणि मग अचानक मला रडायला आलं, कारण असं ओरडणारा माणूस पुढच्या आठवड्यात वाऱ्यानं बोलायला लागेल असं मला दिसायला लागलं.

लघवीतलं कॅल्शियम कमी निघालं, पण अगदी काठावर. माझ्या रक्ताचा रिपोर्ट त्याच दिवशी आला. करगुप्पीकर म्हणाले, "अर्धं पटलं. पण ग्रंथींचा खरा रोगही घराण्यात चालतो. वडिलांचं आणा, मग बोलू."

आणि अण्णा हात काखेत घालून बसलेले.

लॅबवाला गेल्यावर मी त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसले. मला हे हत्यार वापरायचं नव्हतं, पण दुसरं शिल्लकच नव्हतं.

"अण्णा, माझंही वाढलंय."

"काय?"

"कॅल्शियम. अकरा पॉइंट एक. तुमचं तपासल्याशिवाय माझंही काय करायचं ते कळणार नाही."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं आणि पुढं होऊन माझ्या गळ्यावर हात ठेवला. लहानपणी ताप आला की कपाळावर ठेवायचे तसा. स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला.

"बोलव त्याला," अण्णा म्हणाले. "परत बोलव. आत्ता."

लॅबवाला कुरकुरत परत आला तेव्हा अण्णा बाही वर करून तयार बसले होते.

दुसऱ्या दिवशी बाजारातून येताना ते स्वतःच रिपोर्ट घेऊन आले. चपला काढल्या, पाय धुतले, पाणी प्यायले आणि मग कागद माझ्यापुढं ठेवला.

"त्यांनी चुकून जुना कागद दिलाय," ते म्हणाले. "ऑपरेशनच्या आधीचा. बघ, अकरा पॉइंट चारच आहे. उद्या बदलून आण."

मी तारीख बघितली. मला ती बघायची गरज नव्हती.

"कालचाच आहे, अण्णा."

"कसा असेल?"

"कालचाच आहे."

ते समोर बसले. मी सांगायला सुरुवात केली. वर्गात हा विषय शिकवताना माझी जीभ कधी अडखळली नव्हती, त्या दिवशी प्रत्येक वाक्याला अडखळली.

"ग्रंथीच्या पेशीला कळावं लागतं, की रक्तात कॅल्शियम किती आहे. त्यासाठी पेशीच्या भिंतीत एक रिसेप्टर असतो. थोडा बाहेर, थोडा आत. बाहेरून कॅल्शियम येऊन त्याला चिकटलं की त्याचा आकार बदलतो. कॅल्शियम स्वतः आत जात नाही, अण्णा. रिसेप्टरच्या आतल्या अंगाला जी प्रोटीन टेकून बसलेलं असतं, ते त्या हालचालीनं जागं होतं, सुटं होतं आणि आत पुढच्याला चालू करतं. तो त्याच्या पुढच्याला. शेवटी निरोप जातो की कॅल्शियम भरपूर आहे, हार्मोन आवरा. मग थोड्या वेळानं जी प्रोटीन आपलं आपण बंद होतं आणि परत जागेवर येतं."

"म्हणजे शेतकरी बाहेर, पेढी आत," अण्णा म्हणाले, "आणि मध्ये पुकारणारा."

"तसं धरा."

"मग आमचा काय बिघडलाय?"

"आपला रिसेप्टर जरा जड कानाचा आहे. इतरांचा जेवढ्या कॅल्शियमला हलतो तेवढ्याला आपला हलत नाही. थोडं जास्त लागतं. तेवढं झालं की हलतो, आणि पुढं जी प्रोटीन वगैरे सगळं चोख चालतं. किडनीतही तोच रिसेप्टर, म्हणून ती लघवीतून कॅल्शियम फारसं सोडत नाही. हा रोग नाही, अण्णा. तुम्हाला, तात्यांना, मला. आपल्यात कॅल्शियम जरा जास्त असतं, एवढंच."

"आणि त्या दोन काढल्या त्या?"

"चांगल्या होत्या. उरलेल्या दोघींनी त्यांचं काम घेतलं अंगावर. त्यांचे कानही तसेच जड, म्हणून कॅल्शियम परत होतं तिथं आलं."

अण्णांनी कागदावरचा आकडा बोटानं चाचपला. आईनं आतला गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"त्या वेळी हे कळलं असतं?"

खोटं बोलावं असं वाटलं. अगदी तोंडापर्यंत आलं होतं, की तेव्हा विज्ञान एवढं पुढं गेलेलं नव्हतं, रिसेप्टर सापडलाच नव्हता. तेवढं खरंही होतं. पण अण्णांनी आयुष्यभर मालात काडीची लबाडी केली नाही आणि त्यांना अर्धं खरं देणं मला जमेना.

"लघवी तपासली असती तर कळलं असतं."

"त्या कॅनमधली?"

"हो."

"एवढ्याशानं?"

"हो, अण्णा."

त्यांनी कागदाची घडी घातली. "मी मरणारच नव्हतो म्हण की," ते म्हणाले. मग उठताना म्हणाले, "शिरपाला एवढंच सांग की ऑपरेशन नाही. माझं काही सांगू नको. ते मी बघतो."

करगुप्पीकरांनी शब्द पाळला. तात्यांचं ऑपरेशन रद्द झालं आणि तात्यांनी आनंदाच्या भरात सगळ्या गल्लीला पेढे वाटले. मी आत जाऊन आईच्या गळ्यात पडून रडले. आई म्हणाली, "सांगितलंस ते बरंच केलंस गं. पण मला आता त्यांच्या तोंडाकडं बघवत नाही." अण्णा दोन वेळा जेवत होते, दुकानात जात होते, पण कुणी काही विचारलं तर नुसती मान हलवत होते. त्यांच्याजवळ सांगायला काही उरलंच नव्हतं. माझा पुण्याला जायचा दिवस आला तरी मी गेले नाही.

मग सौद्याचा दिवस आला. मी अण्णांच्या बरोबर बाजारात गेले. हळदीच्या पिवळ्या राशी लागल्या होत्या, हवेत धूळ होती, शेतकरी उकिडवे बसले होते आणि तात्या पहिल्या राशीपुढं उभं राहून पुकारत होते. गेलेला जीव परत आल्यासारखा त्यांचा आवाज लागला होता.

झंवरशेठ म्हणून जुने व्यापारी होते. ते अण्णांच्या शेजारी येऊन उभे राहिले. "अण्णा, तात्यांचं ऑपरेशन नाही म्हणे?"

अण्णांनी त्यांना बोटानं जवळ बोलावलं. नेहमीसारखेच आणखी दोघं-चौघं पुढं सरकले. अण्णा बोलणार म्हणजे ती गोष्ट निघणार, हे सगळ्या बाजाराला पाठ होतं.

"त्याला काही झालेलं नाही," अण्णा म्हणाले.

"नशीबवान. तुमच्यासारखी वेळ आली नाही त्याच्यावर."

"मलाही काही झालं नव्हतं, शेठ."

"म्हणजे?"

"मला काही झालंच नव्हतं." मागच्यांनाही ऐकू जावं म्हणून अण्णांनी जोर लावला. त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या. "उगाच कापलं. रोगच नव्हता. आता कळलं. आमच्या पोरीनं शोधून काढलं."

झंवरशेठांनी टोपी काढून हातात घेतली. ते बोलणं एकाकडून दुसऱ्याकडं सरकत राशीपर्यंत गेलं आणि तात्यांचा आवाज एका भावावर अर्धवट तुटला. त्यांनी ऐकलं होतं. ते आमच्याकडं बघत होते, तोंड उघडं होतं आणि आवाज फुटत नव्हता. मागचे शेतकरी विचारायला लागले, काय झालं, सौदा का थांबला.

अण्णा राशीतून वाट काढत त्यांच्याजवळ गेले. मीही मागोमाग गेले.

"का थांबलास?"

"दादा," तात्या म्हणाले, "तुमचा आवाज..."

"माझा गेला. तुझा आहे की." अण्णांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "माणसं खोळंबलीत. पुकार."

"न्हाई जमत, दादा."

"पुकार म्हणतो ना."

तात्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. पहिला आकडा चिरकाच निघाला आणि कुणीतरी मागं हसलं. दुसरा बरा निघाला. तिसऱ्याला व्यापाऱ्यांनी बोली वाढवली, मग चढत्या भावाला तो आवाज मोकळा झाला आणि वर छपराच्या पत्र्यापर्यंत गेला. अण्णा त्यांच्या शेजारून हलले नाहीत. मान ताठ करून, तोंड पुरतं उघडून तेही प्रत्येक भाव पुकारत होते. आवाज एकाचाच येत होता.